क्रीट ते ऱ्होड्स, पाऊण तास

“तुमचा नवरा पळालाय, बाई. मेलेला नाही. एवढं एकदा डोक्यात घ्या, म्हणजे पुढचं सगळं सोपं होईल.”

टिपणीस हे बोलला तेव्हा पीच सोलत होता. कंपनीनं त्याला मुंबईहून पाठवलं होतं. क्रीट बेटावरच्या हेराक्लिऑन बंदरासमोर, दुसऱ्या मजल्यावर, ऑफिसातला पंखा त्यानं स्वतःकडे वळवून घेतला होता. त्याच्या मागच्या खिडकीतून ते जहाज दिसत होतं. सिमेंट वाहणारं, राखेच्या रंगाचं. आठवड्यापूर्वी माझा नवरा त्याच्यावरून नाहीसा झाला होता.

“पळाला म्हणजे कुठे?”

“युरोप आहे हा. कुठेही जाईल. अथेन्सला जाईल, इटलीत जाईल. रात्रीची पाळी संपली, जमिनीवर उतरला, परत आला नाही. दर वर्षी चार-दोन जण पळतात.”

“पाण्यात शोधलंत?”

“पाण्यात कशाला शोधायचं? तो जमिनीवर गेलाय.”

“उतरताना कुणी पाहिला?”

“ताई,” त्यानं पीचची फोड तोंडात टाकली. “आपण मराठी माणसं, म्हणून घरचं समजून सांगतो. इथल्या पोरी मोकळ्या असतात. आपल्या गावाकडच्या माणसाला हे कधी दिसलेलं नसतं. मन घसरतं.”

“मग तुम्ही अजून इथेच कसे? तुम्हाला कुणी ठेवून घेतलं नाही का?”

त्याचे कान लाल झाले. “तोंड सांभाळून बोला.”

“सांभाळूनच बोलतेय. आमच्या वाडीत असता तर एव्हाना तुम्हाला खाडी दाखवली असती.”

त्यानं उठून पंखा बंद केला. म्हणाला, उद्या सकाळच्या विमानाचं ऱ्होड्सचं तिकीट कंपनी देतेय, गुपचूप जा. जहाज परवा सुटणार.

जहाज सुटलं की संपलं, हे मला कळत होतं. मग कोण कुणाला विचारणार? मी एरवी ऱ्होड्सला, त्याच समुद्रातल्या दुसऱ्या बेटावर, एका गुजराती मालकाच्या हॉटेलात पीठ मळायचे. लंडनहून आलेल्या गोऱ्यांना तिथे बटर चिकन लागायचं. नवऱ्याचं जहाज चार-सहा महिन्यांतून एकदा त्या बाजूला यायचं, तेव्हा आमची भेट व्हायची. गावी, रत्नागिरीच्या खालच्या अंगाला साखरवेळ म्हणून आमची खारव्यांची, दर्यावर पोट असणाऱ्यांची, वाडी आहे, तिथे त्याची आई एकटी. आणि वाडीत बातमी आमच्या आधी पोचली होती. जाक्करांचा सहदेव गोरी घेऊन पळाला. म्हातारी दार लावून आत बसली होती. ना सुतक, ना वाट बघणं. मेलेल्याची आई असती तर चार बायका जवळ येऊन बसल्या असत्या. पळालेल्याच्या आईकडे बायका येतात त्या तोंड बघायला. आणि माझं म्हणाल तर मी विधवा की टाकलेली, हे मला कुणीतरी सांगायला हवं होतं. बस्स. तेवढ्यासाठी मी क्रीटला आले होते.

खाली रस्त्यावर गणपत वासावे उभा होता. त्याच जहाजावरचा खलाशी, आमच्याच वाडीतला, नवऱ्याचा मावसभाऊ लागतो. आमच्यात त्याला मी भावजी म्हणते.

“काय म्हनला?”

“पळाला म्हणतो.”

आम्ही धक्क्यावरून चालत राहिलो. ऊन असं की डोळे उघडे ठेवता येईनात. सगळं पांढरं. भिंती पांढऱ्या, समुद्राची चकाकी पांढरी, माणसांना सावली म्हणून नाही.

“भावजी, तुम्ही त्या वेळी कुठं होतात?”

“खाली. इंजिनाकडं. वर गडबड ऐकली. आलो तर सगळे आपापल्या जागी, न् दोर गुंडाळून ठेवलेला. इतका नीट की कधी कोणी ठेवत नाय.” तो थांबला. “वहिनी, त्याचे बूट खोलीत आहेत. चपलापन आहेत. पळणारा मानूस अनवानी जातो?”

“हे टिपणिसाला सांगितलं?”

“सांगितलं. तो म्हनला, नवे घेतले असतील. म्हनला, तुला पुढचं जहाज हवं ना?”

मी त्याला शिवी दिली. टिपणिसाला नव्हे, गणपतला. त्यानं ती मान खाली घालून घेतली.

मग तोच म्हणाला, “हाक घालून बघूया?”

आमच्या वाडीत हे जुनं आहे. बुडालेल्याचं प्रेत मिळालं नाही तर किनाऱ्यावर जाऊन त्याला नावानं तीनदा हाक घालायची. मग लाटेनं भिजवलेला एक दगड उचलायचा, त्याच्या अंगावरच्या कपड्यात बांधायचा आणि घरी न्यायचा. वाटेत त्याला सांगत राहायचं. आता चढ आला, आता पूल आला, आता एवढं अंतर राहिलं. मेलेल्याला अंतर कळत नाही. त्याला फक्त पायी चालण्याचा वेग आठवतो, म्हणून तो मागे राहतो, हरवतो. आणि घर आलं की म्हणायचं, आलं, उतर. जिथे म्हणाल तिथे तो उतरतो. एकदा उतरला की पुन्हा उचलता येत नाही. आणि माणूस खरंच बुडालेला असेल तर दगड सुकत नाही. सुकला, तर समजायचं की तो जिवंत आहे आणि कुठेतरी दोन वेळचं जेवतोय.

“घाला तुम्ही,” मी म्हटलं. “तुम्ही पुरुष माणूस, भाऊ.”

गणपतच्या कपाळावर घाम होता. त्यानं समुद्राकडे पाठ केली. “मी नाय घालत.”

“का?”

“मी हाक घातली न् तो आला तर? मला विचारील, तू कुठं होतास.”

मी त्याच्याकडे बघितलं. मग पदर खोचला. पायात सपाता होत्या, त्या काढल्या.

“बाईनं घालायची नसते, वहिनी.”

“का? मेलेला रागावतो?”

“तसं नाय, पन...”

“पण नाही नि बिण नाही. सदरा आणा त्याचा.”

तो जहाजावर जाऊन सदरा घेऊन आला. निळा, काखेत उसवलेला, मीच शिवून दिलेला. बंदराच्या पुढे लांब बांध आहे, समुद्रात घुसलेला. त्याच्या टोकाला आम्ही गेलो. भर दुपार. चार-दोन गोरी माणसं टोप्या घालून फिरत होती. मी नवऱ्याचं नाव कधी घेतलेलं नव्हतं. लग्नात उखाण्यात घेतलं तेवढंच, तेही बायकांनी दार अडवलं म्हणून. मी तोंड उघडलं आणि आवाजच फुटेना. मग माझा मलाच राग आला, आणि मी ओरडले.

“सहदेव!”

गोऱ्यांनी वळून बघितलं.

“सहदेव जाक्कर! चल घरी! सहदेव!”

समुद्र जराही हलला नाही. खाली उतरले, एक लाट आली ती पायावरून गेली. तिनं भिजवलेला नारळाएवढा दगड मी उचलला. काळा, गुळगुळीत, जड. हातात धरून उभी राहिले. आणि तो आमच्या डोळ्यांदेखत सुकला. आधी वरून पांढुरका झाला, मग बाजूनं, मग पुरा. एक विडी ओढायला लागते तेवढ्या वेळात.

गणपत दुसरीकडे बघायला लागला. “ऊन कडक आहे,” म्हणाला.

“दगड सुकला, भावजी.”

“ऊन कडक आहे, वहिनी.”

म्हणजे जिवंत होता. म्हणजे टिपणीस खरं बोलत होता. म्हणजे माझा नवरा कुठल्यातरी बाईच्या घरी, अनवाणी पायानं, पीच खात बसला होता. माझ्या डोक्यात जे गेलं ते मी इथे लिहीत नाही, पण त्यात दया नव्हती. मी दगड सदऱ्यात बांधला.

“आता कशाला न्यायचा?”

“कधी भेटला तर डोक्यात घालायला.”

गणपत हसला नाही. त्यानं एवढंच सांगितलं, “दीडशे मैल आहे ऱ्होड्स. बोटीनं अख्खी रात्र जाते. विमानाचा वेग त्याला नवीन पडेल. समजावून सांगा.”

“कुणाला?”

“सांगत जा, वहिनी. आला असला तर.”

सकाळी विमानतळावर तपासणीवाल्या पोरानं गाठोडं सोडलं. दगड बघितला, मला बघितलं.

“हे काय?”

“नवरा,” मी म्हटलं.

त्याला इंग्रजी माझ्याएवढंच येत होतं. त्याला वाटलं, मी चुकीचा शब्द वापरला. त्यानं दगड उलटसुलट केला, सोबतच्याला दाखवला, ते हसले, एकानं तो हातात तोलून ‘जड आहे’ अशी खूण केली. सोडून दिलं. फळ्यावर ऱ्होड्सच्या विमानापुढे काही लिहिलेलं नव्हतं, म्हणून दरवाजातल्या मुलीला मी विचारलं, किती लांब, किती वेळ.

“तीनशे किलोमीटरला थोडं कमी. पाऊण तास. आज वारा आहे, पाचेक मिनिटं इकडे-तिकडे.”

“पाऊण तास,” मी गाठोड्याला मराठीत सांगितलं. सवयीनं म्हणा, की गणपतनं सांगितलं म्हणून. “एसटीनं रत्नागिरीला जायला लागतो त्याच्या निम्मा वेळ. ऐकलंस का? सुकून बसलायस, तरी सांगते.”

विमान लहान, पंख्यांचं. अर्धं रिकामं. माझ्या शेजारची खिडकीकडची जागा रिकामी होती. मी गाठोडं मांडीवर घेतलं. खिडकीतून समोर समुद्रात एक उघडं बेट दिसत होतं. पालीसारखं पसरलेलं, माणूस नाही की झाड नाही.

हवाईसुंदरी माणसं मोजत आली. हातात टिकटिक करणारं यंत्र. मागेपर्यंत गेली, परत आली, कागद बघितला, कपाळाला आठी. पुन्हा मोजलं. मग तिनं पुढच्या दाराशी उभ्या, गणवेशातल्या माणसाला बोलावलं. त्यानं मोजलं. आमच्या रांगेपाशी तो थांबला. माझ्याकडे बघितलं, शेजारच्या रिकाम्या जागेकडे बघितलं, आणि यंत्राचं बटण त्यानं दोनदा दाबलं. दोनदा. मी स्वतः बघितलं. नंतर त्याचंच त्याला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं असावं. ते दोघं हळू आवाजात भांडले. शेवटी कागदावर काहीतरी खोडून त्यांनी दार लावलं.

विमान उडालं. मी पुटपुटत होते. “जमीन सुटली. आता पाणी. खूप खाली आहे, बघू नकोस. पाऊण तास फक्त.”

ती मुलगी पाणी वाटत आली आणि वाकून म्हणाली, “तुमची बाटली गळतेय.”

माझ्याकडे बाटली नव्हती.

शेजारची जागा ओली होती. नुसती ओली नव्हे, पाणी काठापर्यंत येऊन खाली ठिबकत होतं. माझी मांडी कोरडी, माझी जागा कोरडी. तिनं कागदानं पुसलं. कागद भिजला, दुसरा घेतला. ती वळली तोवर पुन्हा ओलं. वास आला. आमच्या घरात होडी आली की येतो तो, खारा आणि जरा कुजका. मी गाठोड्याची गाठ सोडली. हात आत घातला. दगड थंडगार, निथळत होता.

मी ओरडले नाही. मला भीती वाटली नाही असं म्हणणार नाही, पण भीतीच्या आधी दुसरंच काहीतरी आलं. एक मोठा श्वास. आठवडाभर अडकलेला. मनात म्हटलं, आलास. मग उशीर कशाला केलास, मेल्या.

“अजून किती गो?”

हे कानानं ऐकलं नाही. एसटीत तो झोपायचा, मध्येच उठून असं विचारायचा, आणि मी न ऐकताही उत्तर द्यायचे. तसं ते होतं.

“थोडं. अर्धं झालं.”

मग वाऱ्यानं विमान धरलं. आधी थरथर, मग असं खाली गेलं की कुणाचातरी कप छताला लागला. एक काळे कपडे घातलेली म्हातारी मोठ्यानं देवाचं नाव घेत छातीवर खुणा करायला लागली. मी डोळे मिटले, गाठोडं पोटाशी धरलं. विमान उतरतंय असं वाटलं, कानात दडे बसले. मग एकदम नाक वर करून ते चढलं, इंजिनं किंचाळली, लोक किंचाळले. वरून ग्रीकमध्ये काही सांगितलं, मग घरघरत इंग्रजीत. मला त्यातलं ‘वारा’ एवढं कळलं. वारा तर मलाही कळत होता.

“अजून किती?”

“आलंच.”

“पाऊण तास म्हनलीस.”

“वारा आहे. आलंच म्हटलं ना.”

पाऊण तास केव्हाच होऊन गेला असणार. मी डोळे उघडले नाहीत. उघडले तर शेजारी काय दिसेल, हे मला नको होतं. तो विचारत राहिला, मी खोटं सांगत राहिले. थोडं. एवढंसं. आता येईल. खालून सगळा वेळ ठिबकण्याचा आवाज येत होता. मेलेल्याला फसवायचं नसतं, हे मला ठाऊक होतं, पण जिवंत असताना जसं त्याला फसवून घरी न्यायचे, तशीच नेत होते. लग्नाच्या जेवणात दारू पिऊन बसला की म्हणायचे, चल, कोपऱ्यापर्यंत.

चाकं टेकली. दणका बसला, पुन्हा टेकली, विमान धावलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

मी गाठोड्यावर हात ठेवून म्हटलं, “आलं. उतर.”

तो उतरला. कसं कळलं ते मला सांगता येणार नाही. बसमधून शेजारचा उठला की बाक जरा वर येतो ना, तेवढंच.

मग मी डोळे उघडले. खिडकीतून समोर समुद्रात ते उघडं बेट होतं. पालीसारखं पसरलेलं.

“हे ऱ्होड्स नाही,” मी म्हटलं.

“नाही,” ती मुलगी घामाघूम झाली होती. “तिथे वाऱ्यानं उतरता आलं नाही. आपण परत क्रीटला आलोय. घाबरू नका. वारा पडला की पुन्हा निघू.”

ज्या बेटावरून मी त्याला उचलला होता, त्याच बेटावर मी त्याला माझ्या तोंडानं उतरवला.

मी उठले, दाराकडे धावले. त्या पुढच्या माणसानं अडवलं. तेल भरतायत, कुणाला उतरता येणार नाही.

“माझा माणूस खाली राहिला!”

“कोण?”

“माझा नवरा.”

त्या दोघांनी एकमेकांकडे बघितलं. मुलीनं यंत्र घेतलं, मागपर्यंत गेली, परत आली. एकदाच मोजलं. कागदाशी ताडून बघितलं आणि तिचा चेहरा सैल झाला.

“सगळे आहेत,” ती म्हणाली. “कुणी राहिलेलं नाही.”

तिनं मला हाताला धरून जागेवर बसवलं. जाताना तिनं शेजारच्या जागेवर हात फिरवला आणि बोटं एकमेकांवर चोळून बघितली. कोरडी. दगडावर मिठाचा पांढरा थर होता, नखानं निघत होता. मी त्याला पुन्हा हाक घातली, विमानात, सगळ्यांसमोर, नावानं. म्हातारी माझ्याकडे बघून पुन्हा छातीवर खुणा करायला लागली. काही झालं नाही. एकदा उतरला की उचलता येत नाही.

संध्याकाळच्या आत वारा पडला. विमान पुन्हा निघालं आणि बरोबर पाऊण तासात ऱ्होड्सला टेकलं. त्या पाऊण तासात मी एक शब्द बोलले नाही. सांगायला कुणी नव्हतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी पीठ मळत होते तेव्हा मालकानं फोन आणून दिला. “बेन, क्रीट.”

“वहिनी,” गणपतचा आवाज चिरका झाला होता. “सहदेव सापडला.”

मी हात परातीतून काढला. “कुठं?”

“विमानतळाच्या कडेला. धावपट्टी संपते तिथं पुळण आहे. लोक पोहायला येतात.” तो श्वास घ्यायला थांबला. “उभा होता, वहिनी.”

“म्हणजे?”

“पान्यात उभा. छातीएवढ्या. पायाला दोर गुंतलेला, त्याच्या टोकाला लोखंडी कडं. ते तळाला टेकलेलं, न् हा वर उभा. किनाऱ्याकडं पाठ. पोरं पोहत होती त्याच्या बाजूला. त्यांना वाटलं कोन तरी कपड्यानिशी पान्यात उतरलाय. हसत होती. एकाचा चेंडू त्याच्याकडं गेला. ‘टाक’ म्हनला पोरगा. दोनदा म्हनला. मग जवळ गेला चेंडू आनायला...”

“कधी?”

“काल. तुमचं विमान परत आलं ना, तेव्हा. पोरं सांगत होती. विमान अगदी डोक्यावरून गेलं, सगळ्यांनी वर बघितलं, न् खाली बघतात तर हा उभा. आधी तिथं कोन नव्हतं म्हनतात.”

मी परातीच्या काठाला धरलं. आणि मी हसले. हे मी लिहिणारच, कुणाला काय वाटायचं ते वाटो. बावीस वर्षं झाली, लोक अजून विचारतात की नवरा गेल्याचं कळलं तेव्हा काय वाटलं. मला बरं वाटलं. इतकं बरं मला आयुष्यात पुन्हा वाटलं नाही. तो मेला होता. तो कुणाकडे गेला नव्हता, पीच खात बसला नव्हता. त्याच्या जहाजावर, त्याच्या कामावर, माझा नवरा म्हणून मेला होता. मालक माझ्याकडे बघून दोन पावलं मागे सरकला.

“वहिनी? रडताय?”

“नाही. पुढं सांगा. दोर कसला?”

“जहाज बांधायचा. पाय अडकून खाली गेला असनार. खेचून वर घेता आला असता.” गणपत आता रडत होता. “दोर तुटलेला नाय. कापलेला आहे. सुरीनं. जहाजावर मेला तर चौकशी होते, जहाज अडकतं. ते नको, म्हनून कापला न् सोडून दिला.”

“टिपणीस काय म्हणतो?”

“काल रात्री खोलीवर आला. म्हनला, गनपत, तू खाली होतास, तुला काही ठाऊक नाय.”

“आणि तुम्ही?”

“मी बंदरातल्या पोलिसाकडं जाऊन बसलो, वहिनी. पहाटे. सगळं सांगितलं. गुंडाळलेल्या दोराचंपन. जहाज अडकवलंय त्यांनी.” मग हलकेच म्हणाला, “मला वाटलं होतं, तो मला विचारील. त्यानं काय पन विचारलं नाय. डोळे मिटलेले होते.”

फोन ठेवला. हात धुतले. मालकाला सांगितलं की मी उद्या क्रीटला जाणार आहे, पोळ्या कोण लाटतं ते तुमचं तुम्ही बघा. मग गावचा फोन लावला. फोन शेजारच्या घरी होता. म्हातारी येईना म्हणून शेजारीण सांगायला लागली, येत नाहीत हो कुणासमोर. मी म्हटलं, ओढत आणा.

बऱ्याच वेळानं पलीकडे श्वास ऐकू आला.

“आये, मी शेवंती.”

शेजारीण मागून म्हणाली, बोला.

“आये, तो सापडला. समुद्रात.”

मग तिनं विचारलं, “पळाला नव्हता?”

“नाही. कामावर होता. त्यांनी त्याला पाण्यात सोडून दिला.”

“खरा सांगतेस ना गो? माझी समजूत घालत नाय ना?”

“गणपतभावजींनी बघितलंय. पोलिसांनी बघितलंय. उद्या मी बघणार आहे.”

तिच्या घशातून काहीतरी वर आलं आणि तिनं ते तिथेच दाबलं. एवढे दिवस दाबत आली होती तसंच.

“शेवंते, मग मी आता रडू?”

“आधी दार उघड, आये,” मी म्हटलं. “पुढचं, मागचं, सगळं. वाडीला ऐकू जाऊ दे.”